मागे राहिलेल्या बाई

रविवारी फिरायला येता का, असं तुम्ही इतक्या प्रेमाने विचारलंत आणि मी तोंडावर नाही म्हटलं. तुम्हाला ते लागलं असणार, म्हणून सांगते. नदीकाठची ती वाट मला पाठ आहे. सोपी आहे, छान आहे, लहान मुलंसुद्धा चालतात. तुम्ही खुशाल जा. मी येणार नाही.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात आणि मी दिवसभर खिडकीपाशी बसून मेणात एकेक दात रोवते. काम असं की केसभर चुकलं तरी माणसाला जेवता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाईंच्या डोक्यात मुळातच काहीतरी असणार. नव्हतं हो. टेबलावर हसत पडलेल्या कवळ्यांपलीकडे भुताखेतांशी माझा कधी संबंध आला नव्हता.

माझी ताई ग्रंथपाल होती. उंची चार फूट दहा इंच, तीही टाचांचे बूट घालून. वरच्या दोन कप्प्यांतलं पुस्तक काढायचं तर स्टूल ओढत न्यावं लागे. वाचक तिला पाठीमागे 'स्टूलबाई' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, शाळेत पी.टी.चे मास्तर. निवृत्त झाले तरी चाल तीच, जणू घंटा होऊन गेलीय आणि मैदानावर पोरं ताटकळलीत. ताई त्यांच्या मागून तुरुतुरु पळायची. एकतीस वर्षांच्या संसारात त्या दोघांना शेजारी शेजारी चालताना मी कधी पाहिलं नाही.

दर रविवारी दोघं त्या वाटेवर जायची. शेवटच्या बसथांब्यापुढे गाड्या लावायची मोकळी जागा आहे, तिथून वाट झाडीत शिरते. थोड्या वेळाने नदी लागते. नदीच्या कडेकडेने जायचं, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडायचा, टेकाडाला वळसा घालायचा की पुन्हा आपल्या गाडीपाशी. कुठे फाटा नाही, चुकायला वाव नाही. सुरुवातीच्या फलकावर लिहिलंय, 'सोपी वाट. पावणेदोन तास.'

ताई त्याच वाटेवर गेली. हृदय थांबलं, बस. पुलापुढे एका दगडाला टेकून बसलेली सापडली.

त्याला अकरा महिने होऊन गेले होते, तेव्हा ग्रंथालयातल्या मंडळींचा निरोप आला. ताईच्या नावाचं एक बाक त्या वाटेवर बसवायचं ठरलं होतं. जागा तुम्ही घरच्यांनीच पसंत करा, म्हणाले. भाऊजी तोवर घराबाहेर पडत नव्हते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. पण बाकाचं ऐकून स्वतःच म्हणाले, "चल छोटी, आपण दोघं जाऊ. टेप घे मोजायला."

पन्नाशीला आले तरी त्या घरात मी छोटीच.

थंडीचे दिवस होते. दुपारी तीनला आम्ही चालायला लागलो. ऊन कोवळं, हवा स्वच्छ, खाली वाळक्या पानांचा असा थर की पावलागणिक चुरचुर व्हायची. भाऊजी त्या दिवशी चक्क माझ्या शेजारून चालत होते. मी जरा हसूनच म्हटलं, "मास्तर, आज घंटा झाली नाही वाटतं?" ते हसले नाहीत. "आज घाई कसली?" म्हणाले.

नदी लागली. काठाशी पाणी संथ, हिरवट. बाकासाठी आम्ही दोन-तीन जागा पाहिल्या. मी टेप धरायची, ते आकडा वाचायचे. एका ठिकाणी झाड आड येत होतं, दुसऱ्या ठिकाणी जमीन उतरती. अशात पाठीमागून धापांचा आवाज आला. सत्तरीचे एक गृहस्थ पळत येत होते, टक्कल घामाने चकाकत होतं. आम्हाला ओलांडून जाता जाता म्हणाले, "तुमच्या त्या बाई फार मागे राहिल्यात हो. थांबा जरा त्यांच्यासाठी."

"आमच्या नाहीत," मी म्हटलं. "आम्ही दोघंच आहोत."

ते जागच्या जागी पळत माझ्याकडे बघत राहिले. "असं?" म्हणाले. "मला वाटलं..." आणि गेले.

आम्ही मागे वळून पाहिलं. वाट तिथे सरळ आहे, बरीच लांबवर दिसते. कोणी नव्हतं. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचं तरी माणूस असेल, बसलं असेल कुठेतरी. पण त्यानंतर भाऊजींची पावलं आणखी हळू पडायला लागली. दर थोड्या वेळाने मान मागे.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. एक तरुण नवराबायको मागून आली. तिच्या पाठीवर झोळीत बाळ होतं. ती आमच्यापाशी थांबलीच, आणि थोडी रागातच होती.

"काका, तुमच्याबरोबरच्या बाईंना बरं नाहीये का? आम्ही पाणी देत होतो, त्यांनी घेतलं नाही."

भाऊजींनी विचारलं, "काही बोलली का?"

"एवढंच म्हणाल्या, 'ते पुढे गेलेत.'" मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. "दोनतीनदा म्हणाल्या. असं मागे टाकून येऊ नये हो कोणाला."

माझं लक्ष त्या बाळाकडे गेलं होतं. ते आईच्या खांद्यावरून आमच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघत होतं. टक लावून. आणि बघता बघता त्याने मान मागे मागे टाकली, एखाद्या उंच झाडाचा शेंडा बघावा तशी. मग तोंड वाकडं करून रडायला लागलं. "भूक लागली असेल," म्हणत ती दोघं झपझप पुढे निघून गेली.

त्यांच्या पावलांची चुरचुर थांबली तेव्हा जाणवलं, दुसरा कुठलाच आवाज नाहीये. पाखरू नाही. नदीसुद्धा वाहत होती, पण आवाज करत नव्हती.

"भाऊजी, चला परत," मी म्हटलं.

"परत म्हणजे तिच्याकडेच की."

खरंच होतं. आम्ही अर्ध्याच्या पुढे आलो होतो. मागे फिरायचं तर त्याच सरळ वाटेने. मी त्यांचा दंड धरला आणि पुढे चालायला लागले. पूल ओलांडला. ताई जिथे सापडली होती तो दगड आला. तिथे ते खाली बसले, आणि मला म्हणाले ते असं. शब्दन् शब्द लक्षात आहे माझ्या.

"तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी इथंच ती म्हणाली, 'अहो, थांबा ना जरा.' मी म्हटलं, ये हळूहळू, मी होतो पुढे. गाडीपाशी पोचलो. थर्मासमधला चहा प्यायलो. रेडिओवर सामना चालू होता, तो ऐकत बसलो. चाळीस मिनिटं, छोटी. चाळीस मिनिटं माझ्या मनातही आलं नाही की ही अजून कशी आली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कोणी असतं तर..." त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "सगळ्यांना मी सांगितलं, दहा मिनिटांत मागे गेलो म्हणून."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला रागही आला, खोटं कशाला बोलू? माझी बहीण होती ती. पण त्या माणसाकडे बघून राग टिकेना. मी म्हटलं, "उठा. घरी जाऊन बोलू."

"आता ती येतेय तर मी थांबतो. एवढं तरी करू दे मला."

तेवढ्यात समोरून एक गृहस्थ आले. गळ्यात दुर्बीण, हातात वही. पक्षी बघणाऱ्यांपैकी. "आज काहीच नाही," स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तासाभरात एक चिमणी नाही." मग आमच्या डोक्यावरून मागे नजर गेली, तशी सहज दुर्बीण डोळ्याला लावली. "त्या तुमच्यापैकीच का? पुलाकडे येताहेत त्या?"

भाऊजी ताडकन उठले. "दिसतेय तुम्हाला? काय घातलंय अंगावर?"

"राखाडी स्वेटर आहे. बाह्या फार लांब आहेत, हात दिसत नाहीत."

ताईच्या अंगावर त्या दिवशी राखाडी स्वेटर होता. भाऊजींच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा कळेना. मी पुलाकडे बघत होते. शंभर-सव्वाशे पावलांवर असेल. पिवळं ऊन पडलेल्या फळ्या आणि दोन्ही बाजूंचे कठडे. बाकी काही नाही.

"उंच आहेत हो चांगल्या," ते गृहस्थ म्हणाले. "आता पुलावर आल्या... कठडा त्यांच्या गुडघ्याला लागतोय."

मघाशी तोच पूल ओलांडताना त्या कठड्यावर मी हात टेकला होता. तो माझ्या छातीपर्यंत येत होता.

"भाऊजी," मी म्हटलं. "ऐकलंत ना? ती ताई नाही."

"तुला काय माहीत?"

"अहो, ताईला कपाटाच्या वरच्या कप्प्याला हात पुरत नव्हता!"

ते माझ्याकडे वळले. चेहरा इतका शांत होता की मला जास्तच भीती वाटली. "मेल्यावर माणसाची उंची कोणी मोजलीय, छोटी?"

पक्षीवाले गृहस्थ अजून दुर्बिणीतून बघत होते. हळूच त्यांनी दुर्बीण खाली घेतली, पुलाकडे नुसत्या डोळ्यांनी एकदा पाहिलं आणि पुटपुटले, "त्या चालत नाहीयेत..."

"म्हणजे?"

"येताहेत. पण... चालत नाहीयेत." आणि आल्या वाटेने उलटे वळून, वही छातीशी धरून, ते निघून गेले. पळत नव्हते, पण पळण्यापेक्षा वाईट असं काहीतरी होतं ते.

आता मात्र वास यायला लागला. कुजलेल्या पानांचा, नदीतळच्या गाळाचा, आणि त्यात मिसळलेला जुन्या पुस्तकांचा. ग्रंथालयाचा वास. ताईच्या केसांना, पदराला, रविवारच्या स्वेटरलासुद्धा जो वास असायचा, अगदी तोच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मलाही थांबावंसं वाटलं. वाटलं, काय बिघडलं? कोणी का असेना, वास तर तिचा आहे...

आणि मग आवाज आला.

"अहो... थांबा ना जरा."

आवाज ताईचा होता. त्यात शंकाच नाही. 'जरा'वर ती जो हेल काढायची, तोही तसाच. पण ताई बोलायची तेव्हा आवाज खालून यायचा. आम्ही सगळेच तिच्याशी बोलताना मान वाकवायचो. हा आवाज वरून येत होता. फांद्यांमधून, माझ्या डोक्याच्या बराच वरून. आणि वाकून वाकून खाली येत होता.

"आलो," भाऊजी म्हणाले, आणि एक पाऊल टाकलं. पुलाच्या दिशेने.

मी त्यांना ओढलं. हलेनात. साठीचा माणूस, पण आयुष्यभर कमावलेलं शरीर. मी त्यांच्या अंगावर ओरडले, रडले, ताईची शप्पथ घातली. त्यांनी माझा हात हळुवारपणे सोडवला, आपण लहान मुलाचा सोडवतो तसा. मला काही म्हणता काही सुचेना, आणि मग जे सुचलं ते मी केलं. शाळेत असताना याच माणसाच्या हाताखाली मी कवायत केली होती. पोटातून, त्यांच्याच आवाजात ओरडले,

"साव्...धान!"

त्यांच्या टाचा जुळल्या. तुम्ही हसाल. मीही कधीतरी हसेन. पण तीस वर्षं अंगात मुरलेलं होतं ते, मन कुठेही असो.

"मागे... वळ! जलद चाल, चल!"

आणि ते निघाले. मी शेजारून. एक-दोन, एक-दोन, घसा फाटेपर्यंत ओरडत होते मी. टेकाडाचा वळसा, उन्हाच्या तिरप्या पट्ट्या, पायाखाली पानं. आमच्या चार पावलांची चुरचुर मला ऐकू येत होती. त्या चुरचुरीमागे आणखी एक आवाज होता. पावलांचा नव्हे. ओलं, जड कापड पानांवरून ओढत न्यावं तसा. न थांबता, एकसारखा. भाऊजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात कवायतीसारखे मागेपुढे होत होते. मी मागे पाहिलं नाही. ती हाक पुन्हा एकदाच आली, या वेळी माझ्या कानाजवळून. नाव घेऊन नाही. "छोटी" म्हणून.

मी एक-दोन म्हणत राहिले.

गाड्यांच्या मोकळ्या जागेत पोचलो तेव्हा अजून लख्ख उजेड होता. मुलं चेंडू खेळत होती. तो बाळवाला नवरा गाडीत सामान भरत होता. भाऊजी मातीत बसले आणि म्हणाले, "आजही तिला टाकून आलो." मग माझ्याकडे बघून, "तू लावलंस टाकायला."

तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. बाक शेवटी ग्रंथालयाच्या अंगणात बसवलं, त्या कार्यक्रमालाही ते आले नाहीत. मी रोज मेणात दात रोवत होते आणि रोज तोच विचार करत होते. समजा, ती ताईच असली तर? दोनदा मागे टाकली आम्ही तिला. एकदा त्यांनी, एकदा मी. त्या उंचीचा, त्या कठड्याचा मी स्वतःला आधार द्यायची. पण रात्री पडल्यावर आठवायचा तो फक्त आवाज.

मग एके सकाळी त्यांचाच फोन. "ये की चहाला. किती दिवसांत आली नाहीस!" जणू काही झालंच नव्हतं. मी धावतच गेले. ते मला बसथांब्यावर घ्यायला आले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, गालांवर लाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटेत भाजी घेतली, दोन पिशव्या त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

"तब्येत सुधारली तुमची," मी म्हटलं.

"हो. मी एकदा जाऊन आलो तिकडे," ते सहज म्हणाले. "एकटाच. त्या दगडावर बसलो दुपारभर. बरं वाटलं."

माझ्या हातातली पिशवी घसरली. "काही... झालं का तिथे?"

"काय व्हायचंय? बसलो, उठलो, घरी आलो." ते हळूहळू चालत होते. रस्ता मोकळा होता, तरी फार हळू. मी दोनदा पुढे गेले आणि दोनदा थांबले. "घाई करू नकोस गं," ते म्हणाले.

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजारच्या शिवणकामवाल्या बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरत होत्या. आम्हाला बघून हसल्या आणि वाट द्यायला भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मी पुढे गेले. भाऊजी गेले. "येतो हं," म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मी कठड्यावरून सहज खाली वाकून पाहिलं. बाई तिथेच होत्या. गाठोडं पोटाशी घट्ट धरून, पाठ भिंतीला लावून, अंग चोरून. चेहऱ्यावरचं हसू आता मावळत चाललं होतं. भाऊजींनी कुलूप उघडलं, पिशव्या आत ठेवल्या, गॅस पेटल्याचा आवाज आला, आधण उकळायला लागलं. मी पुन्हा जिन्यात येऊन पाहिलं.

त्या अजून वाट देत उभ्या होत्या. जे कोणी चढत होतं, ते अजून पुरतं वर गेलेलं नव्हतं.